‘सर्वांसाठी’ म्हणजे नेमकं कुणासाठी?

आपल्या चळवळीतली पोट्टी एक वाक्य फार सहज फेकतात. ‘ते ख्रिस्ती झाले भाकरीसाठी, आपण बौद्ध झालो स्वाभिमानासाठी.’ टाळ्या पडतात, वक्ता पाणी पितो, विषय संपतो. माझ्या मते तिथं विषय सुरू व्हायला पाहिजे. कारण हे वाक्य आपलं नाही. नगरकडच्या महार-मांगांनी १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळात मिशनचा दरवाजा धरला, तेव्हा गावच्या सवर्णांनी हीच शिवी त्यांना घातली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या उपाशी ठेवलं त्यांनीच विचारायचं, भाकरीसाठी धर्म सोडला काय म्हणून! आणि आज आपण आंबेडकरवादी म्हणवणारे तीच शिवी उसनी घेऊन आपल्याच रक्ताच्या माणसांवर फेकतो.

मी ख्रिस्ती नाही, व्हायचंही नाही. हा लेख कुणाला चर्चमध्ये पाठवण्यासाठी नाही. पण ज्या शब्दाच्या जोरावर आपली लाखो माणसं त्या दरवाजातून आत गेली तो शब्द आपण कधी नीट तपासलाच नाही. तो शब्द म्हणजे ‘सर्वांसाठी’. देवानं तारण सर्वांसाठी ठेवलं आहे, त्यात उच्च-नीच नाही, ते विकत घ्यावं लागत नाही, कमवावं लागत नाही, नुसतं हात पुढं करून घ्यायचं आहे, असा ख्रिस्ती धर्माचा मूळ सांगावा आहे. या सांगाव्याची समीक्षा साहित्य म्हणून, विचार म्हणून आणि व्यवहार म्हणून करायची असं मी ठरवलं आहे.

आधी त्याचं मोठेपण मान्य करू. ज्या माणसाला देवळाची पायरी चढायची बंदी, ज्याच्या कानावर वेद पडला तर कानात तापलेलं शिसं ओतायचा कायदा, त्याच्यापुढं कुणीतरी येऊन म्हणतं की तुझ्यासाठीही जागा ठेवली आहे. हे वाक्य ऐकून त्याला काय वाटलं असेल? १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं, फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनं, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो छापला ‘ज्ञानोदय’नं. हे मिशनऱ्यांचं पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेलं. त्या निबंधात ती पोरगी थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला सांग. वेद ब्राह्मणांचे, तर मग आम्ही धर्माशिवायच ना? तिच्या या प्रश्नाला हिंदू समाजाकडे उत्तर नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून पाच वर्षं उभं राहूनही आपल्याला ते मिळालं नाही. मिशनऱ्याकडे निदान उत्तर होतं. ते पुरेसं होतं की नाही हे पुढं पाहू. पण ज्यांच्याकडे उत्तरच नव्हतं त्यांनी ‘बाटवाबाटवी’ म्हणून बोंब मारायची नाही.

आता आपल्या भागाचा संबंध सांगतो. मराठी ख्रिस्ती साहित्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. हा कोकणातला चित्पावन ब्राह्मण. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. त्यानं बायबलचा नवा करार हातात दिला. ही गाडी आपल्याच मातीतून जाते. वरठीचं भंडारा रोड स्टेशन, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया. तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हाच होता, १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या आणि बांधीत वाकलेली आपली आजी-पणजी. गाडीत ब्राह्मण कवीला तारण मिळत होतं. बाहेर चिखलात वाकलेल्या बाईपर्यंत ते पुस्तक त्या दिवशी पोचलं नाही.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी काय गमावलं हे ‘स्मृतिचित्रे’त वाचा. लक्ष्मीबाईंचं हे पुस्तक प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचलं पाहिजे, असं मी बजावून सांगतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिली, सोवळं-ओवळं जिवापाड सांभाळत राहिली. आणि मग ते सोवळं कसं गळून पडलं हे तिनं कुठलाही आव न आणता, स्वतःवर हसत सांगितलं आहे. तिच्या मनातला विटाळ आधी गेला, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाप्तिस्म्यानं जात जात नाही. जात गेल्यावर बाप्तिस्म्याला अर्थ येतो. हे सत्य कुठल्या धर्मशास्त्र्यानं नाही, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईनं आपल्या जगण्यातून दाखवलं.

टिळकांच्या कवितेबद्दल माझं मत असं की ती खरी आहे, पण एका बाजूची आहे. त्यांनी इंग्रजी चालीच्या भजनांऐवजी अभंग आणि ओवी घेतली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. देव त्यांच्याकडे आई होऊन येतो. यात लबाडी नाही. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही त्या दरबारात बसायचं. म्हणजे ‘सर्वांसाठी’ हा शब्द मिशनपेक्षा टिळकांनी जास्त गंभीरपणे घेतला. पण १९१९ साली ते गेले आणि दरबार त्यांच्यामागं वाढला नाही.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की नगर-राहुरीकडे ज्या चर्चमध्ये टिळक उपदेश करत होते ती चर्चे भरली होती महार-मांगांनी. पण मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात नावं कुणाची? नीलकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई, टिळक. बाबा पदमनजी कासार होते, बाकीचे बहुतेक ब्राह्मण. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की ती आत्मकथा होते, त्याग होतो, साहित्य होतं. महार ख्रिस्ती झाला की तो अहवालातला आकडा होतो. एकानं काय सोडलं याची पानंच्या पानं, दुसऱ्याला काय मिळालं याची एक ओळ. तारण सर्वांना दिलं म्हणता, मग लेखणी सर्वांच्या हातात का गेली नाही? हा प्रश्न टिळकांना वैयक्तिक नाही, त्या सगळ्या वाङ्मयाला आहे.

आणि ‘सर्वांसाठी’ हा शब्द मिशनच्या पेटीतही पहिल्यापासून तसा साफ नव्हता. आमच्या विदर्भात आलं ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं मिशन. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला, त्याच्याच नावानं पुढं हिस्लॉप कॉलेज निघालं. शिक्षणाच्या आणि दवाखान्यांच्या बाबतीत या लोकांचं ऋण आहे, ते मी नाकारत नाही. पण हा पंथ कॅल्व्हिनच्या परंपरेतला. त्यांच्या जुन्या श्रद्धापत्रात असं होतं की देवानं जग निर्माण करण्याआधीच काही माणसं तारणासाठी निवडून ठेवली आहेत. निवडलेले आणि न निवडलेले! जन्माआधीच निकाल! ही भाषा आपल्या कानाला ओळखीची वाटते की नाही? खुद्द त्या चर्चमध्येच यावर वाद झाले, आणि १८९२ साली त्यांना वेगळा ठराव करून सांगावं लागलं की देवाचं प्रेम सगळ्या मानवजातीसाठी आहे. म्हणजे हिस्लॉप नागपुरात उतरल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. सांगायचं एवढंच की ‘सर्व’ हा शब्द आकाशातून पडत नाही. माणसं भांडतात तेव्हा तो रुंद होतो.

आता त्यांच्या ग्रंथातल्या एका गोष्टीकडे येतो. माझ्या मते सगळा मुद्दा तिच्यात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती आहे. एक द्राक्षमळ्याचा मालक सकाळीच चौकात जातो आणि मजूर ठरवतो. दिवसाची रोजी ठरते. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर राहिला असताना परत जातो. तिथं अजून काही माणसं उभी. तो विचारतो, रिकामे काहून उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांना पूर्ण दिवसाची रोजी देतो, आणि सकाळपासून राबलेल्यांनाही तेवढीच. सकाळचे लोक कुरकुर करतात. मालक म्हणतो, ठरलं ते तुला दिलं, माझं आहे ते मी मला वाटेल तसं देईन, मी भला आहे हे तुझ्या डोळ्यात खुपतं काय?

ही गोष्ट भंडाऱ्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत कुणाला आधी बोलावणं येतं आणि कुणाला नाही, हे आपल्या बायांना विचारा. बिडी वळणाऱ्या बाईला विचारा. दिवसभर पान-तंबाखूत हात काळे करायचे आणि मोजून घेताना ठेकेदारानं मूठभर बिड्या बाद म्हणून बाजूला टाकायच्या. संध्याकाळपर्यंत चौकात उभा असलेला, ज्याला कुणी घेतलंच नाही, तो कोण हे आपल्याला पक्कं माहीत आहे. तो आळशी नाही. त्याला कुणी घेतलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत हे एवढं स्वच्छ सांगितलं आहे, त्याला मी दाद देतो.

आणखी दाद देतो ती कुरकुर करणाऱ्यांच्या चित्रणाला. ‘आम्ही सकाळपासून उन्हात राबलो आणि यांना आमच्या बरोबरीनं?’ ही कुरकुर आपण ऐकली आहे. १९९० ला मंडल आलं तेव्हा ऐकली, २००६ ला पुन्हा ऐकली. गुणवत्तेची ओरड ती हीच. चौकात कुणाला कितीला घेतलं जातं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेबद्दल चकार शब्द नाही, आणि शेवटच्या माणसाला पोटभर मिळालं की न्यायाचा पुळका! राखीव जागांवर तोंडसुख घेणाऱ्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या शहाण्यांना ही गोष्ट वाचून दाखवायला पाहिजे. गरज पाहून द्यायचं, आधी आला म्हणून जास्त नाही, हा विचार त्यात आहे. तो क्रांतिकारक आहे.

पण आता गोष्ट उलटून पाहा. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात सारखी रोजी आली. मळा कुणाचा राहिला? मालकाचाच. उद्या सकाळी चौकात कुणी उभं राहायचं? मजुरांनीच. आणि सारखी रोजी मिळाली ती कशामुळं? मालक भला होता म्हणून. माझं आहे, मला वाटेल तसं देईन, असं तो स्वतःच म्हणतो. मजुराचा त्यावर हक्क नव्हता. उद्या मालकाचा मूड फिरला तर? या गोष्टीत समता आहे, पण ती मालकाच्या मनातली समता आहे. हीच ती ‘कृपा’. कृपा सर्वांवर होते हे खरं, पण कृपा करणारा एक आणि घेणारे बाकी सगळे.

ख्रिस्ती विचारवंत यावर म्हणतील की मालक म्हणजे माणूस नाही, देव आहे, आणि देवापुढं सगळेच रिकाम्या हाताचे, म्हणून कुणाला गर्व करता येत नाही. मुद्द्यात दम आहे. पण ही तुलना मळा-मालकाची का सुचावी? ज्यांच्या सात पिढ्या मालकाच्या मर्जीवर गेल्या त्यांना स्वर्गातही मालकच भेटायचा असेल तर ते तारण त्यांना ओळखीचं वाटतं, मोकळं वाटत नाही. बलुतं घेताना, जोहार घालताना आपण हेच करत होतो. भला पाटील आणि वाईट पाटील. बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं की भला पाटील शोधायचा नाही, पाटीलकीच मोडायची. जे मिळवायचं ते हक्क म्हणून, भीक म्हणून नाही.

म्हणून बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माकडे कसं पाहिलं हे नीट वाचा, ऐकीव माहितीवर बोलू नका. त्यांच्या मनात येशूबद्दल तिटकारा नव्हता. १९३८ च्या सुरुवातीला सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढं बोलताना त्यांनी सांगितलं की बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाचा ठाव घेतला आहे. पण तिथंच तोंडावर हेही सांगितलं की धर्म बदलूनही तुमच्यात जात राहिली आणि राजकारणात तुम्ही झोपलेले आहात. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरचा त्यांचा मोठा लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो महाराष्ट्र शासनाच्या खंडांत, पाचव्या खंडात, १९८९ साली आला. त्यात त्यांनी मिशनऱ्यांच्या सेवेची कदर केली आहे. आणि मग नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितलं, तुझी ही दशा मागल्या जन्मीच्या कर्मामुळं. तो ख्रिस्ती झाला तर सांगितलं, माणसाचं पतन आदिपित्याच्या पापामुळं. दोन्हीकडे दोष त्याच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या माथी. ज्या समाजव्यवस्थेनं त्याला चिरडलं ती व्यवस्था दोन्ही हिशोबांतून सुटली. मग नवा जन्म कुठं झाला?

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या गावात या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. त्यांचं मागलं कर्म काय? त्यांचं पाप काय? कुणी शहाणा ख्रिस्ती आज असं म्हणणार नाही की ती पापामुळं गेली, आणि मीही तसा आरोप करत नाही. पण जो विचार दुःखाचं मूळ माणसाच्या आत, त्याच्या पापात शोधायला शिकवतो, तो विचार अशा वेळी सांत्वन करतो आणि थांबतो. आपल्याला यंत्र कुणी तपासलं नाही, आग विझवायची सोय काहून नव्हती, गरिबाच्या दवाखान्यात रात्री कोण जागं होतं, हे विचारायचं असतं. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे बुद्धानं सांगितलं ते याच अर्थानं आपण घेतलं पाहिजे.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर छापलेल्या ग्रंथात त्यांनी हा फरक दोन शब्दांत मांडला. मोक्षदाता आणि मार्गदाता. ख्रिस्तानं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, आणि तारण हवं असेल तर ते मान्य करणं ही अट झाली. बुद्धानं स्वतःसाठी अशी कुठलीच जागा ठेवली नाही. मी वाट दाखवतो, चालायचं तुम्ही. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे’ हे भाषण केलं तेव्हा बाबासाहेबांनी कुठल्या धर्मात जायचं ते सांगितलंच नाही, शेवट केला तो बुद्धानं आनंदाला दिलेल्या उपदेशानं, की स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. आता द्राक्षमळ्याच्या गोष्टीशेजारी हे ठेवा. इथं मालक नाही. म्हणून इथं कुणी कृपेनं बरोबरीचा होत नाही. तो बरोबरीचा असतोच.

तरी एक प्रश्न उरतो आणि तो टाळून आपण पुढं जाऊ नये. ज्याच्यात चालायचं बळ नाही त्यानं काय करायचं? आजारानं खंगलेली बाई, दारूनं बुडालेला नवरा, मरणाला टेकलेला म्हातारा. त्यांना ‘चाला’ म्हणून भागत नाही. आपल्या वस्त्यांतल्या काही बाया आज प्रार्थनेच्या बैठकांना जातात. आपण त्यांना अंधश्रद्धाळू म्हणून मोकळे होतो. पण तिथं कुणीतरी त्यांचं नाव घेतं, डोक्यावर हात ठेवतं, पुढल्या आठवड्यात विचारपूस करतं. आपण विहार बांधतो, चौदा एप्रिलला रोषणाई करतो, आणि बाकी वर्षभर कुलूप. बुद्धानं आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातानं केली. संघ म्हणजे काय? जो चालू शकत नाही त्याला बाकीच्यांनी खांदा द्यायचा. मोक्षदाता नको म्हणायचं असेल तर एकमेकांना खांदा देणारी माणसं पाहिजेत. ती नसतील तर बाया मोक्षदात्याकडे जाणारच, आणि दोष त्यांचा नाही.

आता व्यवहार पाहू. ‘सर्वांसाठी’ची परीक्षा प्रवचनात होत नाही. ती होते बसायच्या बाकावर, लग्नात आणि मसणवट्यात. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची वेगळी कब्रस्तानं आहेत, भिंती घातलेल्या. केरळात पोयकयिल योहन्नान हा जन्मानं अस्पृश्य उपदेशक चर्चमधली जात पाहून बाहेर पडला आणि १९१० च्या सुमारास त्यानं आपली सभा काढली. नाव काय ठेवलं? ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’. प्रत्यक्ष रक्षा! मेल्यावरची नाही, डोळ्यांना दिसेल अशी. या एका नावात मला हजार पानांची समीक्षा दिसते. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ साली धोरण काढून कबूल केलं की चर्चमध्ये जात पाळली जाते. पहिला दलित कार्डिनल झाला २०२२ साली. देर से आये, दुरुस्त आये म्हणा हवं तर.

पण चर्चच्या आतूनही आवाज उठला हे विसरू नका. आपल्या मराठी मुलखातले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरला उभं राहून प्रस्थापित ख्रिस्ती धर्मशास्त्राला आव्हान दिलं, आणि त्यातून दलित धर्मशास्त्र उभं राहिलं. ख्रिस्त स्वतः दलित होता, त्याला गावकुसाबाहेर मारलं, अशी त्यांची मांडणी. म्हणजे मालकाची गोष्ट त्यांनी मजुराच्या बाजूनं वाचली. हे आपले सोबती आहेत.

याउलट एक गोड फास आहे, तोही सांगतो. कार्ल राह्नर नावाचा गेल्या शतकातला मोठा कॅथॉलिक विचारवंत म्हणाला की जो सद्विवेकानं जगतो तो ख्रिस्ताचं नाव न घेताही त्याच्या कृपेनं तरतो. अशा माणसाला त्यानं ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटलं. दार रुंद झालं, ठीक. पण आम्ही बौद्ध आहोत, आणि तुम्ही आम्हाला न विचारता आमच्या पाठीवर आपली पाटी लावता? बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार म्हणणारे वेगळं काय करतात? बावीस प्रतिज्ञांत त्या अवताराला नकार आहे तो याचसाठी. ‘सर्व’मध्ये घ्यायचं असेल तर आमच्या नावानिशी घ्या.

आणि राज्यसत्तेचं काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असं ठरवलं. १९५६ ला शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांना त्या यादीत घेतलं गेलं नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडली. २०२२ ला केंद्र सरकारनं त्याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. चौतीस वर्षं आपण त्याच रांगेत उभे होतो मित्रहो. आपल्याला आत घेतलं आणि आता त्यांच्या अर्जाच्या वेळी आपल्यातलेच काही जण म्हणतात, आमचा वाटा कमी होईल. ही द्राक्षमळ्यातल्या सकाळच्या मजुरांची कुरकुर आहे. ती आपल्या तोंडून निघते तेव्हा तरी ओळखू येते का?

आपलं ‘सर्व’ही एकदा मोजून पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जात सोडली. मग लग्नाची बोलणी सुरू झाली की बावणे, लाडवण, कोसरे, बारके हे शब्द कुठून उगवतात? आपल्या जिल्ह्यात किती मांग-चांभारांना आपण धम्माचं बोलावणं दिलं, आणि दिलं तर पंगतीला शेजारी बसवलं की नुसतं वर्गणीच्या यादीत घेतलं? याच भंडाऱ्यातून १९५४ ला बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. कोर्टानं २००८ साली शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही, म्हणजे जातीसाठी मारलं हे मानलंच नाही. मारणाऱ्यांनी विचारलं नव्हतं की तुम्ही कृपेनं तरलात की मार्गानं चाललात. त्यांच्या लेखी ते घर महाराचं होतं. ते कुटुंब ख्रिस्ती असतं तरी तेच झालं असतं. म्हणून मुक्तीचा प्रश्न धर्माच्या नावानं संपत नाही. बौद्ध आणि ख्रिस्ती दलित एकाच कुऱ्हाडीखाली उभे असताना एकमेकांना शिव्या घालणं हा मूर्खपणा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ‘तारण सर्वांसाठी’ हा शब्द मोठा आहे आणि या देशात तो अस्पृश्यांच्या कानावर पडला ही घटना मोठी आहे. त्याची कमजोरी दात्यात आहे. बाबासाहेबांनी ‘सर्व’ ठेवलं, दाता काढला आणि त्या जागी माणसांची जबाबदारी ठेवली. ती जबाबदारी घेतली नाही तर आपल्याकडे दाताही राहत नाही आणि सर्वही राहत नाहीत.

पुढल्या अभ्यासवर्गासाठी माझी सूचना आहे. ‘स्मृतिचित्रे’, सोलापूरचं १९३८ चं भाषण आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मधला मोक्षदाता-मार्गदात्याचा भाग, हे तीन एकत्र वाचायचे. वर्गाला जिल्ह्यातल्या ख्रिस्ती दलितांना बोलवायचं, श्रोते म्हणून नाही, बोलायला. ते आपल्याला खडे बोल सुनावतील. ऐकून घ्यायचे. आणि त्या दिवशी विहाराचं कुलूप काढलेलं असू द्या.

जयभीम.